वही घेऊन समुद्राकडे
अभ्यास पाठ : गटाची दोन दिवसांची किनारा सहल कशी ठरवायची, वाटेत काय बघायचं आणि परत येऊन काय करायचं



आपली पोशीर नदी उल्हास नदीला मिळते आणि उल्हास पुढे बदलापूर, कल्याणवरून वसईच्या खाडीतून समुद्राला जाते. म्हणजे आपल्या बांधावरचं पाणी दर पावसाळ्यात समुद्र गाठतं. आपला रायगड जिल्हाही समुद्रकाठचाच. पण कर्जत-खालापूरकडे आपण डोंगराच्या पायथ्याशी राहतो. आपल्या गटांत अशा कितीतरी जणी आहेत, ज्यांची पन्नाशी उलटली तरी समुद्र बघणं झालेलं नाही.

आमच्या तीन गटांनी मिळून मागे दोन दिवसांची सहल काढली होती. पोशीरहून अलिबाग, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन आणि परत. आम्ही ३२ जणी होतो. त्यात काही गोष्टी चांगल्या जमल्या आणि एक मोठी चूकही झाली. दोन्ही लिहिते, म्हणजे तुमच्या ग्रामसंघाला ठरवताना उपयोग होईल.

सुरुवातीलाच एक सांगते. घरी सहलीचं नाव काढलं की पहिला प्रश्न येतो, "फिरायला कशाला पैसे घालवता?" त्यावर भांडू नका. गटाच्या पैशाने भेट असेल तर त्यातून गटाच्या कामाचं काहीतरी आलंच पाहिजे. म्हणून प्रत्येक गटाने एक वही न्यायची आणि प्रत्येक थांब्यावर तीन प्रश्न लिहायचे : इथल्या बायका काय विकतात? ते कसं बांधून, कसं मांडून विकतात? यातलं आपल्याकडे काय होऊ शकतं? आणि पोटभर समुद्रही बघायचा. त्याची लाज बाळगायची गरज नाही.

१. आधी तारीख, मग रस्ता

आमची चूक इथेच झाली. आम्ही आधी रस्ता ठरवला, मग हॉटेलवाल्याशी बोललो आणि शेवटी तारीख धरली फेब्रुवारीची. हवा चांगली, भाताची कामं उरकलेली, अलिबागचा पांढरा कांदा नुकता बाजारात आलेला. सगळं छान होतं. पण आमच्या गटातल्या तीन कातकरी भगिनी दिवाळीनंतरच कुटुंबासोबत वीटभट्टीवर गेल्या होत्या. भट्टीवाल्याची उचल घेतलेली असते, मधेच दोन दिवस सोडून येता येत नाही. त्या थेट पावसाच्या तोंडावर परतल्या.

त्यांनी दिवाळीपर्यंत सहलीची बचत आमच्याइतकीच भरली होती. जूनच्या बैठकीत आम्ही त्यांचे पैसे परत द्यायला काढले. त्यातली एक म्हणाली, "पैसे नको गो. पुढल्या वेळी नाव लाव." आणि मग विचारलं, "पाणी खरंच खारट असतं का, की नुसतं म्हणतात?"

मी हिशेबाची वही मिटली. उत्तर द्यायला मला जरा वेळ लागला.

म्हणून हा पहिला धडा. तारीख ठरवायच्या बैठकीत कोण कोण येऊ शकतं हे विचारू नका. कोणाला येता येणार नाही, हे विचारा. फेब्रुवारी-मार्च धरला तर भट्टीवरच्या भगिनी सुटतात आणि दहावी-बारावीच्या मुलांच्या आयाही अडकतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर धरला तर भातकापणी येते. गणपतीनंतर लगेच धरला तर समुद्र अजून खवळलेला असू शकतो आणि पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात. मे महिन्यात ऊन आणि पर्यटकांची गर्दी, राहण्याचे दर वाढलेले. सगळ्यांना सोयीचा महिना सापडेलच असं नाही. पण कोणाला वगळतोय हे माहीत असून निर्णय घेणं वेगळं, आणि लक्षातच न येणं वेगळं. आमचं लक्षातच आलं नव्हतं.

यंदा आम्ही कापणी आटोपल्यावर आणि भट्टीचे ट्रक यायच्या आधीचे चार-पाच दिवस धरायचं ठरवलंय. पांढरा कांदा तेव्हा मिळणार नाही. चालेल.

२. पैशाचं वेगळं सदर

सहलीचा पैसा गटाच्या नेहमीच्या बचतीत मिसळू नका. फिरता निधी, समुदाय गुंतवणूक निधी आणि अंतर्गत कर्जाची रक्कम यांना हातसुद्धा लावायचा नाही. पंचसूत्रीत नियमित बचत, नियमित हिशेब लेखन आपण म्हणतो, ते सहलीलाही लागू आहे. रोकड वहीत "सहल बचत" असं वेगळं सदर उघडा आणि दर बैठकीला जमा वाचून दाखवा.

आमचा हिशेब नमुन्यासाठी देते. तुमचे दर तुम्ही स्वतः तीन ठिकाणी विचारून घ्या.

जमा : दर आठवड्याला ३० रुपये, ५० आठवडे, म्हणजे एका सदस्येचे १,५०० रुपये. ३२ जणींचे ४८,००० रुपये.

खर्च : दोन दिवसांची गाडी, डिझेल, चालकाचा भत्ता आणि टोल धरून २४,००० रुपये. एक मुक्काम आणि दोन जेवणं, माणशी ५०० प्रमाणे १६,००० रुपये. होडी, फेरी आणि तिकिटं माणशी १०० प्रमाणे ३,२०० रुपये. चहा-नाश्ता २,००० रुपये. औषधपेटी आणि किरकोळ १,८०० रुपये. एकूण ४७,००० रुपये. शिल्लक १,००० रुपये, ती ग्रामसंघाच्या सभेत सांगून पुढच्या सहलीच्या सदरात ठेवली. पहिल्या दिवसाचं दुपारचं जेवण प्रत्येकीने घरून भाकरी-चटणी बांधून आणलं होतं, त्यामुळे एवढ्यात बसलं.

गाडीचे पैसे जास्त वाटत असतील तर एसटीचाही विचार करा. १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या तिकिटात सगळ्या महिलांना निम्मी सवलत आहे आणि ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. त्यामुळे गटातल्या आजी आल्या तरी खर्च वाढत नाही, फक्त आधार कार्ड जवळ हवं. पण ही सवलत नेहमीच्या गाडीच्या तिकिटाची. अख्खी गाडी करारावर घ्यायची असेल तर सवलत धरून चालू नका, आगारात जाऊन दर लेखी घ्या. एसटीने दोन दिवसांत श्रीवर्धनपर्यंतची फेरी दगदगीची होईल. तसं असेल तर फक्त अलिबाग-आक्षी-नागाव एवढंच करा. एका दिवसात होतं.

३. भरती-ओहोटी कशी काढायची

आपल्याला नदीचा पूर कळतो, पण समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, हे आपल्या सवयीचं नाही. सहलीची वेळ घड्याळावर नाही, भरतीवर ठरवायची असते. कोकणात जुनं गणित आहे : तिथीची पाऊणपट करा, म्हणजे भरतीची वेळ येते. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं.

उदाहरण करून बघू. पंचमी म्हणजे ५. पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. पंचमीला दुपारी पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. भरतीच्या आधी किंवा नंतर सहा तासांवर थोडं, म्हणजे सकाळी साडेनऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. शुद्ध असो की वद्य, गणित तेच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून हे गणित दिवस ठरवायला वापरा. पाण्यात पाय घालायच्या आधी मात्र किनाऱ्यावरच्या कोळ्यांना विचारायचंच.

आणखी दोन शब्द शिकून ठेवा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप चढतं आणि ओहोटीला खूप लांब उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढही कमी आणि उतारही कमी. म्हणजे अष्टमीला ओहोटी असली तरी पाणी पुरतं बाजूला होत नाही.

हे गणित बैठकीत फळ्यावर करून घ्या. आमच्याकडे सही करण्यापलीकडे न लिहिणाऱ्या एका मावशीने ते सगळ्यांत आधी तोंडी सोडवलं. "एकादशीला सव्वाआठ," म्हणाल्या. बरोबर होतं.

४. पाण्याशी कसं वागायचं

हा भाग गाडीत बसायच्या आधी मोठ्याने वाचून दाखवा.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडून गेले. तरणी, धडधाकट मुलं होती. समुद्राची भीती घालायला हे सांगत नाही. नियम कशाला, ते कळावं म्हणून सांगते.

आपल्यातल्या पुष्कळ जणींना नदीत पोहता येतं. त्या भरवशावर समुद्रात शिरू नका. नदीचं पाणी एका दिशेने जातं. समुद्राची लाट येताना ढकलते आणि परत जाताना पायाखालची वाळू काढून घेते. शिवाय ओली साडी जड होते, पायांत गुंडाळते.

नियम असे. जोड्या लावायच्या, जोडीदारीण सोडून कुठे जायचं नाही. पाणी गुडघ्यापर्यंतच. समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. भरती चढत असताना पाण्यात उतरायचं नाही. अंधार पडल्यावर किनाऱ्यावर बसायचं, पाण्यात जायचं नाही. कोणी ओढली गेलीच तर तिच्यामागे उडी टाकू नका. दोर, रिकामा कॅन, साडीचं टोक, हाताला लागेल ते फेका आणि ओरडून जीवरक्षकांना किंवा कोळ्यांना बोलवा. आणीबाणीला फोन ११२, रुग्णवाहिकेला १०८. हे दोन आकडे प्रत्येकीच्या वहीच्या पहिल्या पानावर हवेत.

५. पहिला दिवस : पोशीर ते मुरूड

आम्ही पहाटे साडेचारला निघालो. नेरळ, कर्जत, खोपोली, पेण. पेणचे गणपती, पोहे आणि पापड आपल्याला माहीत आहेतच. पेण तालुक्यातलं गागोदे हे विनोबा भाव्यांचं जन्मगाव. वडखळहून अलिबागचा फाटा घेतला आणि पोयनाडजवळ चहाला थांबलो.

चरी. इथून जवळच चरी गाव आहे. १९३३ साली चरी आणि आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी खोतांची जमीन कसायची नाही असा संप केला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. हा संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं शेतं पडीक ठेवली आणि मजुरीवर, लाकूडफाट्यावर, मिळेल त्यावर लोकांनी दिवस काढले. आपल्याला एक महिना बैठक चुकली तर गट मोडायची भाषा सुरू होते. सहा वर्षं चुली कोणी पेटत्या ठेवल्या असतील, याचा विचार चहा पिता पिता झाला.

कार्ले-खंडाळे. अलिबागच्या अलीकडे ही गावं पांढऱ्या कांद्याची. भात निघाल्यावर त्याच जमिनीत हा कांदा लावतात. तिखटपणा कमी, चवीला गोडसर. २०२२ साली अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे दुसऱ्या भागातल्या कांद्याला ते नाव लावून विकता येत नाही. रस्त्याच्या कडेला बायका कांद्याच्या माळा टांगून बसलेल्या असतात. पातीसकट कांदा वेणीसारखा गुंफतात. माळ टिकते, टांगता येते, गाडीतून जाणाऱ्याला लांबून दिसते. आमच्या एकीने विचारलं, सुटा का नाही विकत? बाई म्हणाली, "सुटा कांदा कोणीही विकतो. माळ बघून गाडी थांबते." हे वाक्य वहीत उतरवून घेतलं.

अलिबाग. साडेआठला पोचलो. पंचमी होती, त्यामुळे ओहोटी गाठता आली. किनाऱ्यापासून कुलाबा किल्ल्यापर्यंत ओल्या वाळूतून आणि दगडांतून चालत जाता येतं, आणि भरतीला तोच किल्ला पाण्यात असतो. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६८० साली त्याचं बांधकाम सुरू केलं. पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं झालं. कान्होजी आंग्र्यांची समाधी अलिबाग गावात आहे. पुरुष मंडळी किल्ल्यावर तोफा बघतात. आमच्या बायका चारी बाजूंनी खारं पाणी असलेल्या किल्ल्यात गोडं पाणी बघून थांबल्या. "आपल्याकडे एप्रिलला हंडा घेऊन मैलभर जावं लागतं, आणि इथे बघा," एक ताई म्हणाली. चालणं सोपं असलं तरी दगड शेवाळलेले असतात. चपला हातात नको, पायात हव्या. गुडघे दुखणाऱ्या दोघी-तिघी घोडागाडीतून आल्या. भरती लागायच्या आत, साडेदहाला सगळ्या परत किनाऱ्यावर, हे आधीच ठरलेलं होतं.

आक्षी. अलिबागपासून थोड्याच अंतरावर. इथे शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ चा शिलालेख आहे. मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक मानला जातो. हजार वर्षांपूर्वी कोणीतरी दगडावर लिहून ठेवलं म्हणून आज कळतं. बैठकीचं इतिवृत्त लिहायला कंटाळणाऱ्या आमच्या सचिवताईंना तिथे सगळ्यांनी चिडवून घेतलं.

नागाव, रेवदंडा, कोर्लई. नागावच्या सुरूच्या सावलीत भाकरी सोडली. नारळ-सुपारीच्या वाड्या, त्यातच घरं, आणि घरातच पर्यटकांच्या खोल्या. रेवदंड्याला पोर्तुगीजांच्या कोटाची तटबंदी आहे. खाडीवरचा पूल ओलांडला की पुढे कोर्लई. या गावातले काही लोक घरात पोर्तुगीज मुळाची एक वेगळीच बोली बोलतात. एवढ्याशा वस्तीने शेकडो वर्षं आपली भाषा जपली.

काशीद. पांढरट वाळूचा लांब किनारा. इथे आम्ही दीड तास थांबलो. भरती चढत होती म्हणून नियमाप्रमाणे कोणी आत गेलं नाही, पण येणाऱ्या लाटेचा फेस पायांवर घेतला. एका साठीच्या मावशींनी ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. सगळ्या हसल्या. तेव्हा मला भट्टीवरच्या तिघींची आठवण झाली नव्हती, हेही खरं सांगते.

मुरूड. मुक्काम एका घरगुती निवासात. संध्याकाळी किनाऱ्यावर लांबवर चालत गेलो. कोळीवाड्यात सुकत टाकलेली मासळी बघितली. होडीतून मासळी उतरली की पुढची निवड, वाळवण आणि बाजार मुख्यतः बायकांच्या हातात. सुकट, जवळा, बोंबील. पावसाळ्याची बेगमी म्हणून आपण हेच आठवडे बाजारातून घेतो, दोन-तीन हात फिरून आलेलं. वहीत लिहिलं : तीन गटांनी एप्रिल-मे महिन्यात मागणी गोळा करून एकत्र सुकी मासळी आणली तर? माल घेताना तो कडक वाळलेला आहे का, वाळू किती आहे, वास कसा आहे, हे कसं बघायचं ते तिथल्याच एका कोळीण मावशींनी मुठीत सुकट चुरून दाखवलं.

६. दुसरा दिवस : जंजिरा ते श्रीवर्धन आणि घर

जंजिरा. सकाळी राजपुरीहून होडीने किल्ल्यावर. सिद्दींचा हा किल्ला कोणालाही जिंकता आला नाही. जंजिरा संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झालं. इथेही भर समुद्रात गोड्या पाण्याचे तलाव आहेत. होडीत चढता-उतरताना घाई करायची नाही, एका वेळी एक. आजारी किंवा गरोदर भगिनींनी काठावर थांबावं, त्यात कमीपणा नाही.

आगरदांडा ते दिघी. इथे गाडीसकट फेरीबोटीने खाडी ओलांडता येते. नाहीतर मोठा वळसा पडतो.

दिवेआगर. १९९७ साली इथल्या एका बागायतदार बाईला सुपारीच्या बागेत खणताना पेटी सापडली आणि तिच्यात गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. सुवर्णगणेशामुळे गावात माणसं येऊ लागली. घरोघरी खोल्या झाल्या, घरगुती जेवण आणि उकडीचे मोदक यांवर बायकांचा हात चालू लागला. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला, राखणदारांचे प्राण गेले आणि मुखवटा चोरीला गेला. वर्दळ ओसरली. पुढे ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं आणि दिवेआगर, श्रीवर्धन, मुरूडच्या वाड्यांतली नारळ-सुपारीची झाडं आडवी केली. नोव्हेंबर २०२१ मध्ये गणपतीच्या मुखवट्याची पुन्हा स्थापना झाली.

सुपारीचं नवं झाड फळायला सहा-सात वर्षं जातात. मग मधली वर्षं घर कशावर चालतं? आम्ही जेवलो त्या घरच्या काकूंना विचारलं. त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं : थोडी सुपारी, थोडे नारळ, दोन खोल्या, जेवण, उन्हाळ्यात आंबोशी आणि कोकम. "एक गेलं तर दुसरं धरायला हवं ना," म्हणाल्या. आपल्या गटात आपण हेच म्हणतो, एका कुटुंबाला दोन-तीन उपजीविका हव्यात. प्रशिक्षणात ऐकलेलं तिथे डोळ्यांनी दिसलं.

श्रीवर्धन. पेशवे बाळाजी विश्वनाथ भट यांचं गाव. इथली रोठा सुपारी प्रसिद्ध. किनाऱ्यावरची शेवटची फेरी मारली आणि साडेतीनला निघालो.

हरिहरेश्वर मुद्दाम सोडलं. काही जणी नाराज झाल्या. पण तिथली समुद्राकाठची प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची असते. त्या दिवशी षष्ठी, गणित केलं : सहा त्रिक अठरा, भागिले चार, साडेचार. आम्ही पोचलो असतो तेव्हा भर भरती. मग नाराज झालेल्यांनीच मान्य केलं. परतीला म्हसळा, माणगाव, कोलाड, वाकण, पाली, खोपोली आणि कर्जत. घरी पोचायला रात्रीचे साडेनऊ झाले.

७. परतल्यावरची बैठक

सहल संपल्यावर आठ दिवसांच्या आत बैठक घ्या. नाहीतर फोटो राहतात आणि बाकी विसरतं. आमच्या बैठकीत आधी खर्चाची पावती-पावती वाचून दाखवली. मग वहीतले मुद्दे काढले.

एक. माळेचा धडा. कर्जतला भात संशोधन केंद्र आहे, 'कर्जत-३' सारख्या वाणांमुळे आपल्या तालुक्याचं नाव कोकणभर बियाण्याच्या पिशवीवर गेलं. आणि आपण तांदूळ विकतो गोणीने, व्यापारी सांगेल त्या भावाला. माथेरानला आणि शेतघरांवर येणारी माणसं नेरळ-कर्जतलाच उतरतात. त्यांना पाच किलोची, गटाचं नाव लावलेली, खडे निवडलेली तांदळाची पिशवी आपण का देत नाही? गटांनी पहिल्या वर्षी थोडाच माल करून बघायचं ठरवलं. सोबत कडवे वाल आणि नाचणीचे पापड.

दोन. पोपटी. हिवाळ्यात आपण वालाच्या शेंगांची पोपटी भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात लावतो, घरच्यांसाठी. शेतघरांवर येणारे लोक याच गोष्टीला पैसे मोजतात, पण ते पैसे बहुतेक वेळा आपल्याकडे येत नाहीत. आपण तिथे भांडी घासायला जातो. दिवेआगरच्या काकू स्वतःच्या घरात मालकीण म्हणून वाढत होत्या. हा फरक बैठकीत एका तरुण सुनेने बोलून दाखवला, आणि मग बराच वेळ कोणी बोललं नाही. दोन घरांनी शनिवार-रविवारी अंगणात जेवण सुरू करायची तयारी दाखवली. अन्न सुरक्षा नोंदणी कशी करायची ते प्रभागसंघाच्या ताई सांगणार आहेत.

तीन. सुकी मासळी. मागणीची यादी चैत्रात करायची, पैसे आधी घ्यायचे, उधारी नाही.

चार. ज्या राहिल्या त्यांचं काय? हा मुद्दा त्या बैठकीत आलाच नाही. तो आला जूनमध्ये, जेव्हा त्या तिघी समोर बसल्या होत्या. आता ग्रामसंघाच्या वहीत ठराव आहे : सहलीची तारीख ठरवायच्या सभेला स्थलांतर करणाऱ्या सदस्या हजर असल्याशिवाय ठराव होणार नाही, आणि मागच्या वेळी राहिलेल्यांची नावं यादीत सगळ्यांत वर.

त्या तिघींची नावं वर लागली आहेत. पाणी खारट असतं का, ते मी तेव्हा सांगितलं नाही. म्हटलं, यंदा तुम्हीच चाखून सांगा.

८. तुमच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गटात समुद्र न पाहिलेल्या किती जणी आहेत? हात वर करून मोजा.
२. सहलीसाठी आठवड्याला किती बाजूला काढता येईल? ज्यांना तेवढं जमत नाही त्यांच्यासाठी काय सोय कराल?
३. तुम्ही धरलेल्या महिन्यात कोण कोण गावात नसेल?
४. धरलेल्या दिवसाची तिथी बघा आणि भरती-ओहोटीची वेळ फळ्यावर काढा. ती वेळ तुमच्या थांब्यांशी जुळते का?
५. आपल्या गावात अशी कोणती वस्तू आहे जी आपण सुटी विकतो, आणि जिची "माळ" करता येईल?

उत्तरं इतिवृत्तात लिहा आणि पुढच्या प्रभागसंघ सभेला घेऊन या.